माईक बंद, पकवा चालू

सरांनी सगळ्या वर्गासमोर माझी ओढणी दोन बोटांनी उचलली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "अजून वास येतोय. आणि ही म्हणे रॅप करणार!"

वर्ग खदाखदा हसला. मी फरशीकडे बघत राहिले.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. रोह्याच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं. आमचं घर खाडीकाठी, बाप मासे मारणारा. गावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मीच. केबलवर तेव्हा रॅप लागायचं. ऐकलं आणि म्हटलं, अगो, हा तर आपला पकवा! गौरीत फुगडी घालताना बाया तोंडाने फू-पक, फू-पक ठेका धरतात ना, तोच. त्या ठेक्यावर मी आमच्या खाडीचं रचलं. केमिकल कंपनीचं पाणी खाडीत सुटायचं आणि सकाळी मासे पोट वर करून तरंगायचे.

गॅदरिंगची गाणी सर आधी तपासायचे, त्यात त्यांनी ते वाचलं. प्रमुख पाहुणा त्याच कंपनीचा साहेब, मांडवाचा खर्चही कंपनीचाच. "गप बस, कोळ्याच्या पोरी," म्हणाले. "देवाचं काहीतरी म्हण."

देवाचं! मासे काय देवाने मारले होते?

गॅदरिंगला आम्ही चौघी फुगडीसाठी म्हणून उभ्या राहिलो. फुगडीची गाणी कोण तपासतंय? बायकांचं काय ते, म्हणून सोडलेलं. मी सुरू केलं:

खाडीला इचारा, मासा कुठं गेला?
पाइप सुटला अन् तळमळून मेला.
पानी कोनी नासलं, बोलायची चोरी,
गप बस, गप बस, कोळ्याच्या पोरी!

माईक बंद झाला. पण पकव्याला माईक लागतो कुठे? तिघींनी ठेका सोडला नाही. मागची पोरं शेवटची ओळ ओरडायला लागली. साहेब उठून गेला. सरांनी मला दंडाला धरून खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावलं. माफी मागितली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही, असं सांगितलं. माझा बाप, वाऱ्यावावटळीत होडी घालणारा माणूस, सरांपुढे हात जोडून उभा. "सायेब, पोर हाय. चुकली." मग माझ्याकडे वळले. "माग गो माफी. वर्स जाईल तुझं."

ते जोडलेले हात बघून माझं डोकंच फिरलं. मी ते धरून सोडवले.

"नाय मागनार. बाबा, मासं आपलं मेलं. माफी यांनी मागायची."

वर्ष गेलं. कॉलेज सुटलं ते सुटलंच. बाबा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रडले मी, खोटं कशाला सांगू. पण त्या गौरीत गाणं आमच्या गावात झालं, मग शेजारच्या गावात. आता मीच पोरींना पकवा शिकवते. खाडी अजून नासकीच आहे. गावात कुणी साहेब आला, मांडव पडला, की आम्ही समोर जाऊन उभ्या राहतो. माईक मागत नाय. शेवटची ओळ तेवढी मी बदललीय:

पानी कोनी नासलं, बोलायची चोरी?
गप नाय बसनार कोळ्यांच्या पोरी!