बघायला आणलेली गाडी

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती गाडी मनावर घेतली ती सेकंदांमुळे. जुन्या गाड्या विकणाऱ्या पुण्याच्या एका एजंटाने त्यांना रंगीत कागद दिला होता. तो इंग्रजीत होता म्हणून माझ्याकडे आला. मी पुण्यात कॉलेजला होते आणि सुट्टीला घरी आले होते. चामड्याच्या सीटा, छताला सरकती काच, आठ स्पीकर असं मी वाचत गेले, तोवर ते नुसतं 'हं' म्हणत होते. मग मी वाचलं की उभी गाडी सात सेकंदांत ताशी शंभरच्या वेगाला जाते.

"परत वाच," ते म्हणाले.

आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यती घड्याळावर होतात. चढणीचं मैदान असतं, त्याला घाट म्हणतात, आणि कुणाची जोडी किती सेकंदांत वर गेली हे चार गावांत तोंडपाठ असतं. आप्पांनी बरीच वर्षं बैल पळवले होते. सात सेकंद म्हणजे काय, हे घरात त्यांना एकट्यालाच कळलं. जुन्नर तालुक्यातलं आमचं गाव द्राक्षांचं. दोन-तीन हंगाम बरे गेले होते. दारात जीप होती, मालासाठी पिकअप होती. तिसऱ्या गाडीची गरज नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं.

एजंटाने गाडी दोन दिवस घरी ठेवून बघायला दिली. शुक्रवारी सोडतो, रविवारी येतो. पटली तर ठेवा, नाहीतर किल्ली परत द्या, असं ठरलं. घरात हे फक्त मला आणि आप्पांना माहीत होतं.

"बघायला आणायची, एवढंच," त्यांनी मला बजावलं. "घेतल्याशिवाय कुणाला काय बोलू नगं."

न बोलण्याच्या कामाला मी योग्य होते. पाचवीपासून मी इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात राहिले. तिथे मुली माझ्या मराठीला हसत आणि घरी भावंडं माझ्या इंग्रजीला, त्यामुळे कुठेही मोजकंच बोलायची सवय लागली होती.

शुक्रवारी गाडी आली. काळी, लांब आणि जमिनीला इतकी जवळ, की अंगणाच्या तोंडाशी तिचं पोट दगडाला घासलं आणि तो आवाज सगळ्यांनी ऐकला. एजंट किल्ली देऊन दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बसून गेला. आप्पा मागच्या चाकापाशी उकिडवे बसून काहीतरी बघू लागले. बैल घेतानाही ते असंच करायचे. आधी मागून बघायचे, आणि तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे.

तेवढ्यात आई ताट घेऊन बाहेर आली. चाक असलेली कुठलीही वस्तू आमच्या घरी ओवाळल्याशिवाय आत येत नाही. ट्रॅक्टर असाच आला होता, चुलतभावाची जुनी मोटारसायकलसुद्धा. मागे काकू होती, शेजारच्या दोघीतिघी होत्या. आई माझ्या अगदी जवळून गेली. 'थांब, अजून घेतली नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. वाक्य माझ्या तोंडाशी तयार होतं. पण सगळ्या बायकांनी माझ्याकडे वळून बघितलं असतं, का, कशी, कधी विचारलं असतं, आणि आप्पांनी तर कुणाला सांगू नको म्हटलं होतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ फोडला.

तो आवाज ऐकून आप्पा उठले. त्यांनी आधी बॉनेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पलीकडून कुणीतरी म्हणालं, "आप्पा, पेढं कवा?" आणि ते म्हणाले, "देऊ की."

संध्याकाळपर्यंत निम्मं गाव येऊन गेलं.

"लई खाली बसलीय राव. उठंल का न्हाई?"

"ह्याच्यात टोमॅटोची क्रेटं किती बसत्यात?"

"क्रेटं कशाला, आप्पाच बसंल तर लई झालं. पाय बाहीर काढून चालवावी लागंल."

आप्पा सगळ्यांबरोबर हसले. त्यांनी दोघांना नारायणगावच्या रस्त्यापर्यंत फिरवून आणलं, आणि परत आल्यावर त्या दोघांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यातला एक म्हणाला, "पोटात गोळा येतोय." ते ऐकून आप्पांना किती बरं वाटलं, ते मी ओट्यावरून बघितलं. गाडी त्यांना हवी होती. कुंकू लागलेली गाडी परत पाठवायची म्हणजे ठरलेली सोयरीक मोडण्यासारखं होतं, हेही खरं. पण ते निमित्त. त्यांना ती मनापासून हवी होती.

शनिवारी जुन्नरहून मिस्त्रीचाचा आले. बाजारपेठेमागे त्यांचं गॅरेज होतं आणि आमची जीप सुरुवातीपासून त्यांच्याच हातात होती. गाडी पारखायला आप्पांनी त्यांना आदल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. चाचांनी इंजिन चालू करून कान दिला. खाली वाकून पाहिलं. मग दार उघडून ब्रेकच्या पेडलवर अंगठा फिरवला. पेडलचं रबर गुळगुळीत झालं होतं. त्यांनी मीटरकडे पाहिलं, पुन्हा पेडलकडे पाहिलं. काहीतरी बोलायला ते बाहेर आले आणि बॉनेटपाशी थांबले.

"पूजा झाली व्हय?"

"झाली," आप्पा म्हणाले.

"मंग काय. झ्याक हाय गाडी."

त्यांनी चहा घेतला, द्राक्षांच्या छाटणीबद्दल विचारलं आणि गेले. जाताना माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. ती होकाराची होती की कशाची, मला कळलं नाही.

दुपारी आप्पा म्हणाले, "गाडीत जेवढं कागद असत्याल तेवढं वाच." एजंटाने दिलेले कागद ठीक होते. मी मागची डिकी उघडली. स्टेपनीशेजारी हत्यारांची पिशवी होती आणि तिच्यात पाना-स्क्रूड्रायव्हरच्या खाली एक छोटं काळं पुस्तक होतं. गाडी सर्व्हिसिंगला गेली की त्यात तारीख, किलोमीटर आणि शिक्का मारतात. शेवटचा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा होता आणि त्याच्यापुढे एक्याण्णव हजार किलोमीटर लिहिले होते. मी पुढे जाऊन मीटर पाहिला. चोपन्न हजार.

मला चाचांचा अंगठा आणि ते झिजलेलं रबर आठवलं. त्यांनाही कळलं होतं. कुंकू बघून ते गप्प बसले होते, आणि कुंकू लागलं ते मी गप्प बसल्यामुळे.

पुस्तक मी ओढणीखाली धरून घरात आणलं आणि शनिवारची सगळी संध्याकाळ कुणालाच सांगितलं नाही. आप्पा त्या वेळी काकांना सीट पुढेमागे कशी होते ते दाखवत होते. मी सांगितलं नाही तर गाडी राहणार होती आणि पुढे कधीतरी ती रस्त्यात बंद पडल्यावर गाव हसणार होतं. सांगितलं तर गाव उद्याच हसणार होतं.

रविवारी सकाळी ते फडक्याने काच पुसत होते. कुंकवाला फडकं लागू न देता, कडेकडेने. मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि आकडा दाखवला. इंग्रजी येत नसलं तरी आकडे त्यांना कळत होते. त्यांनी वाचलं, वाकून मीटर पाहिला, परत वाचलं.

"कवा घावलं?"

"काल दुपारी."

"आन मिस्त्री?"

"त्यांना कळलं असावं. पूजा झाली म्हणून बोलले नाहीत."

फडक्यात फारसं पाणी नसतानाही त्यांनी ते पिळलं. "एजंट आल्यावर ह्ये तूच सांगायचं," ते म्हणाले. "मला वाचता येत न्हाई म्हनून तो मला गुंडाळंल."

एजंट अकराला आला. अंगणात काका, काकू आणि पेढ्यांच्या आशेने आलेले चारपाच जण होते. मी पुस्तक पुढे केलं आणि म्हणाले की यातले किलोमीटर मीटरपेक्षा जास्त आहेत. माझा आवाज इतका लहान होता की काकांनी "काय, काय?" विचारलं. मग मला तेच पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

एजंट दचकला नाही. तो माझ्याशी इंग्रजीत बोलू लागला, सौम्यपणे, जणू आम्ही दोघे एका बाजूचे. आधीचा मीटर बिघडला होता, नवा बसवला, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला समजेल, वडिलांना उगाच काळजी नको. मी मराठीत विचारलं, "नवा मीटर बसवल्याचं बिल आहे का?"

तो आप्पांकडे वळून हसला. "आप्पा, पोरीला गाडीतलं काय कळतंय?"

"मलाबी न्हाई कळत," आप्पा म्हणाले. "तिला वाचाया येतंय." आणि त्यांनी खिशातून किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

गाडी गेली ती बॉनेटवर स्वस्तिक तसंच घेऊन. ते पुसायला कुणी धजलं नाही. अंगणातले लोक पांगले. त्यांतला एक जाता जाता म्हणाला, "पेढं ऱ्हायलं म्हना की."

आई माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नाही. ओवाळलेली वस्तू दारातून परत गेली हे तिला सोसत नव्हतं. भीमाशंकरला जाऊन यायचं तिने ठरवलं आणि सोमवार उलटून गेल्यावरही तीच गोष्ट काढत राहिली, तेव्हा बुधवारी आम्ही तिघे जीपने निघालो. घोडेगावात बेल-फुलं घ्यायला थांबलो तर शर्यतींच्या ओळखीचा एक जण खिडकीशी आला.

"काय राव, फॉरेनची गाडी घरी ठिवून जीप व्हय?"

मला वाटलं आप्पा काहीतरी थाप मारतील. ते म्हणाले, "माघारी दिली. मीटर फिरवल्याला व्हता. हिनं धरलं."

त्या माणसाने वाकून मला बघितलं. "इंग्लिश मीडियम का?"

मी हो म्हणाले. तो हसला, आप्पाही हसले आणि जीप पुढे निघाली. डिंभ्याच्या पुढे चढण लागली. मग मागच्या सीटवरून आई म्हणाली, "बघायला आणल्याली हाय, ह्ये तुला म्हाईत व्हतं ना?"

आप्पांनी गिअर बदलला. ते माझ्या वतीने काही बोलतील असं मला वाटलं, पण ते रस्ता बघत होते.

"हो," मी म्हणाले.

"मी ताट घिऊन गेले तवाबी?"

"हो."

ती पुढचं काही विचारेल म्हणून मी वाट पाहिली. दोन वळणांनंतर मी मागे वळून म्हणाले, "सगळ्यांसमोर बोलायची लाज वाटली." ती खिडकीबाहेर बघत होती. तिने ऐकलं होतं. पदर सारखा केला, एवढंच.