एक इंच देवदार

नोकरीला लागले तेव्हा बंदूक म्हणजे बंदूक, एवढंच मला ठाऊक होतं. कोल्हापूरच्या कचेरीत मला शस्त्र परवान्यांच्या टेबलावर बसवलं आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की सरकारचं एवढ्यावर भागत नाही. नळी आतून गुळगुळीत की आटे पाडलेली, दारू तोंडातून ठासायची की मागून काडतूस भरायचं, बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, मनाईतलं की बिगरमनाईचं, प्रत्येकाचा वर्ग वेगळा आणि रकाना वेगळा. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. खेड्यापाड्यांतले मिशाळ लोक "आमची बारा बोअरची हाय की ओ" म्हणत यायचे, आणि मी टेचात विचारायचे, "एकनळी की दुनळी?" त्या नियमांच्या पिवळ्या पडलेल्या पुस्तकाचा मला लळाच लागला होता.

घरी मात्र या ज्ञानाला कुणी विचारत नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील, मंगळवार पेठेत सुतारकामाची शेड चालवायचे. मापाच्या बाबतीत माणूस वेडा. सुतारांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढ्या एका सुतासाठी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या दाराची बसवलेली चौकट स्वतःहून उतरवली होती. ते बिचारं "असू दे की मिस्त्री" म्हणत होतं, तर त्यालाच झापलं. मला तर लहानपणापासून बोलणी खायची सवय होती.

एके दिवशी दुपारी टेबलासमोर येऊन एक माणूस मोठमोठ्यानं बोलायला लागला. मी दचकलेच. मग ओळख पटली, हा जत्रेतला फुगेवाला. लहानपणी याच्याच छऱ्याच्या बंदुकीनं मी कितीतरी फुगे चुकवले होते, आणि तरी हा एखादी गोळी जास्तीची मारू द्यायचा. पूर्वी तो कबनूरला कापडाच्या मागावर कामाला होता. मागांच्या खडखडाटात कान गेले, म्हणून जत्रांतून फुगे लावायला लागला. "फुगा फुटल्याला तेवढा ऐकू येतोय बघा," असं हसून सांगायचा.

त्या दिवशी हसत नव्हता. जत्रेच्या बंदोबस्ताला आलेल्या एका नव्या हवालदारानं परवाना कुठाय म्हणून त्याची बंदूक उचलून ठाण्यात जमा केली होती.

"ताई, छऱ्याच्या बंदुकीला कसला परवाना? जत्रा तोंडावर आल्यात. आता मला मागावर कोन घेनार न्हाय. बंदूक ग्येली तर मी खायाचं काय?"

मी पुस्तक काढलं. त्यात होतं, की हवेच्या दाबावर चालणारी बंदूक परवान्यातून सुटते, पण एका अटीवर. फूटभर लांब, फूटभर रुंद आणि एक इंच जाड अशी मऊ लाकडाची फळी घ्यायची, रेघा एकसारख्या हव्यात, आणि पाच फुटांवरून छर्रा मारायचा. आरपार गेला तर परवाना लागणार. नाही गेला तर सुटका. मला हसूच आलं. एवढं मोठं सरकार, आणि शेवटी येऊन टेकलं एका फळीवर. साहेबांनाही गंमत वाटली. म्हणाले, "घ्या चाचणी. फळी कोण देणार?"

"माझे वडील," मी म्हणाले.

घरी आबांना सगळं सांगितलं. त्यांनी शेडमधून देवदाराचा एक बिनगाठीचा तुकडा काढला, बोटानं रेघा तपासल्या आणि रंधा मारायला बसले. देवदार किती मऊ असतो ते मला माहीत होतं. नखानंसुद्धा त्याला वळ उठतो. माझा धीर सुटला.

"आबा, जरा जाडच ठेवा की. कुणाला कळतंय?"

रंधा थांबला. "लाज न्हाय वाटत? सरकारी मानूस हाईस तू! एक इंच म्हंजे एक इंच!" शेजारच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू गेलं असेल. मला इतका राग आला, की रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या मागच्या आवारात आबांनी फळी भिंतीला टेकवून उभी केली. साहेबांनी विचारलं, "मिस्त्री, बरोबर एक इंच आहे ना?"

"सायेब, चाळीस वर्सं ह्येच करतोय मी," आबा म्हणाले. साहेबांनी त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहून मान हलवली.

ठाण्यातून बंदूक घेऊन आलेल्या शिपायानं पाच फुटांवरून छर्रा मारला. फुगेवाल्यानं डोळे मिटून घेतले होते. आबा सगळ्यांच्या आधी धावले आणि फळीच्या पाठीवरून त्यांनी तळहात फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला. सवयच त्यांची, असं मला वाटलं.

"पाठ साफ हाय, सायेब."

बंदूक परवान्यातून सुटली. फुगेवाल्यानं सुटकेचा कागद घडी घालून बंडीच्या आत ठेवला आणि मला बाजूला घेऊन, त्याच्या मतानं हळू आवाजात, सगळ्या आवाराला सांगितलं, "ताई, फळीबी फुटंना, ह्ये जत्रंत कुनाला सांगू नगा. एक बी गिऱ्हाईक येनार न्हाय." साहेबसुद्धा हसले. फळी काही फायलीत बसेना, म्हणून आबा ती परत घेऊन गेले. ती भिंतीला आडवी ठोकून त्यांनी पेन्सिली आणि चष्मा ठेवायची सोय केली.

आबा गेले ते दोन हजार सालानंतर, बऱ्याच वर्षांनी. शेड रिकामी करताना ती फळी मी उतरवली. चष्मा अजून तिच्यावरच होता. उगाच, त्यांच्या आठवणीनं, त्यांची घडीची पट्टी काढून फळीच्या कडेला लावली. एक इंच आणि वर एक सूत. चारही कडा मोजल्या. सगळीकडे तेच. वाळलेलं लाकूड आटतं, वाढत नाही, हे मला त्यांनीच शिकवलेलं.

मग छऱ्याच्या भोकात काडी घालून पाहिली. जेमतेम दोन सूत आत गेली. त्या जास्तीच्या सुताची काही गरजच नव्हती, पण फळीच्या पाठीवर हात ठेवेपर्यंत आबांना ते कुठं ठाऊक होतं? साहेबांनी विचारलं तेव्हा ते "व्हय" म्हणालेच नव्हते, हेही मला तेव्हाच आठवलं. जन्मभर सुतासाठी भांडलेल्या माझ्या आबांनी एका बहिऱ्या फुगेवाल्यासाठी एक सूत खोटं केलं होतं, आणि मला कळू नये म्हणून माझ्यावरच ओरडले होते. मी तिथंच, भुशात बसून, पोटभर रडले.