हातातले बूट

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मी बुटांना पॉलिश करतो. बदलापूर गावातली मतदान केंद्राची शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. बायको विचारते, "मतदानाला चाललात की परेडला?" ही सवय मला मेजर वेल्सने लावली.

आफ्रिकेत शांतिसेनेत आमची प्लाटून एका पुलाजवळ होती. मी नायब सुभेदार. वेल्स अमेरिकेचा, कृष्णवर्णीय, निःशस्त्र निरीक्षक. जवानांचं ऐकून तोही मला "साहेब" म्हणायचा. दोघांनाही वाचनाचा नाद. एकदा चहा घेताना मी विचारलं, एवढी जुनी लोकशाही, मग तुमच्या माणसांना मत का नाकारलं? त्याने आजीची गोष्ट सांगितली. मतदार म्हणून नाव नोंदवायला ती कचेरीपर्यंत अनवाणी चालत जायची. चर्चचे बूट धुळीने खराब होऊ नयेत म्हणून हातात धरायची आणि दारात घालायची. कारकून तिला कायद्याचं कलम वाचायला लावायचा, अर्थ विचारायचा, चुकलं म्हणून परत पाठवायचा. गोऱ्यांना कोणी काही विचारत नसे.

"कायदा बदलला, साहेब. तरी आईला अजून अर्धा दिवस रांगेत उभं राहावं लागतं. ती जाते. बूट चमकवून जाते."

तिथल्या मतदानाच्या दिवशी हत्यारबंद पोरांनी पलीकडच्या जमातीला पुलावर अडवलं. मी रेडिओवर कळवलं. उत्तर आलं, "कुमक निघाली आहे. तोवर जागा सोडू नका. ओव्हर."

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. अनवाणी. चपला हातात. वेल्स त्या चपलांकडे पाहत राहिला.

"मेजर, थांबायची ऑर्डर आहे."

"तुमच्या प्लाटूनला, साहेब. मी निरीक्षक. जरा जवळून निरीक्षण करतो."

तो तिच्या बाजूने चालू लागला. पोरं गोंधळली, बाजूला झाली. मग बाकीची माणसंही मागोमाग निघाली. आमच्या जागेवरून दिसणाऱ्या केंद्राच्या दारात म्हातारीने चपला घातल्या.

परतताना पुलावर एक गोळी सुटली. आम्ही धावलो. वेल्स गेला होता. त्याच्या बाहीवर शाईचा डाग होता. येताना म्हातारीने त्याचा हात धरला होता.

आता त्याच्या देशात निवडणूक असली की मी टीव्हीसमोर बसतो. रांगा दाखवतात. त्यात मी त्याच्या आईला शोधतो. तिचा चेहरा मला ठाऊक नाही, म्हणून बूट पाहायचे असतात. कॅमेरा पायांपर्यंत येत नाही.