पाबळची लाइट जाईपर्यंत

हौसरावमामांची केंदूरला पिठाची गिरणी होती आणि माझं पाबळला नेट कॅफे. दोन्ही गावांची लाइट वेगवेगळ्या वेळेला जायची, एवढ्या एका कारणाने हा माणूस माझ्या वाट्याला आला. साल दोन हजार सहा. केंदूरची लाइट सकाळी नऊला जायची, पाबळची साडेदहाला. नऊला गिरणी थांबली की मामा एम-एटीला किक मारायचे आणि साडेनऊच्या आत माझ्या दारात हजर. अंगभर पीठ, भुवयांवरसुद्धा पीठ. मी आधी हातात फडकं द्यायचे, मगच माउस. तरी महिन्याकाठी कीबोर्ड उलटा करून आपटला की त्यातून बाजरीचं पीठ पडायचंच.

यायचे ते बुद्धिबळ खेळायला. त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे, तेव्हा तळावर जमिनीवरच पट आखून त्यांनी मुलाला खेळ शिकवला होता. आता बुद्धिबळाच्या वेबसाइटवर समोर कधी ब्राझीलचा माणूस, कधी पोलंडचा. पाच-पाच मिनिटांचे झटपट डाव. मामांनी नाव घेतलं होतं ‘गिरणीवाला’. ते नाव मीच इंग्रजीत टाइप करून दिलं होतं.

एक दिवस त्या नावापुढे तांबडी खूण आली आणि खाली निरोप. मी वाचला आणि सांगू की नको असं झालं.

“काय लिवलंय, सुरेखाताई?”

“तुम्ही डाव अर्धवट सोडून जाता म्हणे. हरायला लागलात की पळता, अशी लोकांची तक्रार आहे. आणखी एकदा सोडलात तर नाव काढून टाकतील.”

मामांना आधी कळलंच नाही. मग कान लाल झाले. “मी पळतो? अवं, लाइट जाती.”

खरंच होतं ते. साडेदहा ही नुसती कागदावरची वेळ. कधी दहा पंचवीसला जायची, कधी आधीच. माझ्या यूपीएसची बॅटरी बसलेली. तसे आठ डाव तुटले होते आणि त्यातल्या निम्म्यांत मामा जिंकत होते. पण समोरच्याला एवढंच दिसायचं की गिरणीवाला गायब झाला.

आम्ही दोघांनी मिळून वेबसाइटवाल्यांना पत्र लिहिलं. भारनियमन म्हणजे काय हे इंग्रजीत सांगताना माझा घाम निघाला. दोन दिवसांनी उत्तर आलं, की कृपया आपल्या घरातलं वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या.

“त्यांच्याकडं लाइट जातच न्हाई का?”

“नसेल जात.”

“मग तिथला गिरणीवाला इसावा कवा घेतो?” मामांनी हे अगदी गंभीरपणे विचारलं.

त्या उत्तराच्या शेवटी एक सोय मात्र दिली होती. सलग चाळीस डाव न सोडता पुरे केले, तर तांबडी खूण निघणार होती. हरा किंवा जिंका, फक्त पुरे करा. केंदुरात ज्या माणसाकडे बायका दळण टाकून बिनघोर शेतावर जायच्या, त्याला कुठल्या तरी परक्या मुलखात पळपुटा म्हणत होते. मी म्हटलं, सोडून द्या मामा, कोण ओळखतंय तुम्हाला तिथं? तर म्हणाले, “मी वळखतो की.”

मग त्यांनी खेळच बदलला. लाइट जायच्या आत निकाल लागायला हवा, म्हणून निव्वळ फसवे डाव. घोडा असा उचलायचा की मागचा वजीर उघडा पडावा. समोरचा हावरटासारखा वजीर खायचा. की लगेच उंटाचा शह, त्याचा राजा एक घर पुढे, आणि दुसऱ्या घोड्याने मात. सगळं मिळून सात चाली. हरलेले लोक चिडून काहीबाही लिहायचे. चोरटा, भुरटा, त्याहून वाईटही.

“काय म्हणतोय?”

“छान खेळलात म्हणतोय,” मी सांगायचे. दुसरं काय सांगणार?

सव्वादहानंतर नवा डाव लावायचा नाही, असा त्यांचा नेम. अशा रीतीने एकोणचाळीस डाव पुरे झाले. चाळिसावा लागला दहा वाजून चौदा मिनिटांनी, पोर्तुगालच्या माणसाबरोबर.

त्याने वजीर खाल्लाच नाही.

मामा गोंधळले. माउस हातात धरून नुसते बघत राहिले. “ह्यो खात का न्हाई?” फसव्या डावाच्या पुढे काय करायचं, हे ते गेल्या पंधरा दिवसांत विसरूनच गेले होते. एक प्यादं गेलं, मग एक उंट. पण मग ते सावरून बसले आणि हळूहळू काहीतरी जुनं आठवल्यासारखं खेळायला लागले. मी गिऱ्हाईक सोडून त्यांच्या मागे येऊन उभी राहिले. दहा बावीसला त्यांचं एक प्यादं शेवटच्या पट्टीपासून दोन घरांवर होतं, आणि ते अडवायला समोर कुणीही नव्हतं. मला या खेळातलं फारसं कळत नाही, पण तेवढं कळत होतं.

इतक्यात पंखा मंदावला.

मामांनी वर पाहिलं. त्यांचं सगळं आयुष्य मोटरीचा आवाज ऐकण्यात गेलेलं. “होल्टेज पडलं. चालली लाइट,” ते म्हणाले. “ताई, हार मानायचं बटण कुठलं?”

“मामा, जिंकताय तुम्ही. दोन चाली राहिल्यात.”

“डाव तुटला तर नाव जाईल. हरल्यालं चालंल. कुठलं बटण?”

मी रागाने बोट दाखवलं. त्यांनी दाबलं. पडद्यावर पराभव उमटला, आणि आम्ही दोघंही लाइट जायची वाट बघत बसलो.

पंख्याने पुन्हा वेग धरला. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. लाइट काही गेली नाही. दुपारी कळलं, की त्या दिवसापासून पाबळचं वेळापत्रक बदललं होतं आणि ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पण तेव्हा, पावणेअकराला, मला रडूच यायला लागलं होतं. कुणावर चिडावं हेही कळेना.

मामा शांत होते. त्यांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. “खूण गेली का बघा.”

गेली होती. ‘गिरणीवाला’ हे नाव स्वच्छ दिसत होतं. खाली पोर्तुगालवाल्याचा निरोप होता. तो मी पहिल्यांदाच जसाच्या तसा सांगितला. “म्हणतोय, जिंकलेला डाव का सोडलात?”

मामांनी फडक्याने भुवयांवरचं पीठ पुसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हंजी आज मी पहिल्यांदा डाव सोडून पळालो, आन् आजच त्यांनी माझं नाव साफ केलं?”

मी हो म्हणाले.