रंगाऱ्याच्या अंगणातलं डोंगरी झुडूप

...तर बादली कुणी फेकली, इथं आपण काल थांबलो होतो. फेकली ती माझ्या थोरल्या बहिणीनं, आणि ती गडगडत थेट दाजींच्या पायाशी गेली.

दाजी रंगारी. भिंतींना चुना लावण्यात सगळा जन्म गेला. ताईला लहानपणापासून दमा. थंडी पडली की उशीला टेकून बसून राहायची. आराम पडायचा तो उंच डोंगरावरच्या एका रानटी झुडपाच्या लाल फुलांच्या काढ्यानं. पानं विषारी, घ्यायच्या त्या फक्त पाकळ्या. दाजी दरवर्षी चढून जायचे, पिशवी भरून आणायचे, माळ्यावर वाळवायचे. मग त्यांचा गुडघा गेला.

"आता मीच लावते अंगणात," ताई म्हणाली.

"अगं, रानटी आहे ते. ऐकेल का तुझं?"

"तुम्ही ऐकलंत की!"

बी कसलं, तपकीरच! एक शिंक आली की पेरणी उडाली. तोंडाला रुमाल बांधून ताईनं ते डोंगराच्या पायथ्याहून मागवलेल्या काळ्या मातीवर नुसतं भुरभुरलं, वर माती लोटली नाही. रोपं बोटभर झाली आणि पिवळी पडायला लागली. दाजी म्हणाले, पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं, तर आणखी पिवळी.

एका सकाळी ताईच्या लक्षात आलं. खिडकीखालची रोपं हिरवीगार, पिवळी फक्त नळाकडची. तिथं मातीवर पांढरा थर. कामावरून आले की दाजी त्याच नळाखाली चुन्याची बादली विसळायचे, आणि या झुडपाला चुना म्हणजे मरण.

"माझा श्वास आहे हो त्या वाफ्यात! आणि तुम्ही तिथं चुना ओतता?"

तेव्हा ती बादली उडाली. दाजी दुसऱ्या दिवसापासून त्या दुखऱ्या गुडघ्यानं बादली गल्लीच्या टोकाला नेऊन धुवायला लागले.

मोजकीच रोपं जगली. फुलायला वर्षांमागून वर्षं गेली. ते हिवाळे ताईनं कसे काढले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. शेवटी तर तिला खाटेवरून उठवत नव्हतं. आणि थंडी सरता सरता एका झुडपाला लालभडक झुबका आला. दाजी टोपली घेऊन धावले. ताई भिंत धरत धरत, धापा टाकत दारापर्यंत आली.

"थांबा."

"अगं, औषध आहे ते! याच्याचसाठी लावलंस ना?"

ताईनं श्वास जमू दिला. मग म्हणाली, "जन्मभर वाळलेलीच प्यायले हो मी. झाडावर कशी दिसतात, ते कधी बघितलंच नाही. आज राहू द्या. गळली की उचला आणि उकळा."