सातव्या महिन्यातला मामा

माझं डोहाळजेवण मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना झालं. (मी मुलगा आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.)

खरं तर ते माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं होतं. पण अक्का जर्मनीत आणि आम्ही तंजावूरला, राजवाड्यामागच्या गल्लीत. आमच्याकडे सातव्या महिन्यात वळैकाप्पु करतात. गरोदर बाईचे दोन्ही हात काचेच्या बांगड्यांनी भरायचे, म्हणजे पोटातल्या बाळाला किणकिण ऐकू येते. अम्माने पाठवलेल्या बांगड्यांचा तिकडे नुसता चुरा पोचला!

व्हिडिओ कॉलवर अक्का मुसमुसत म्हणाली, "इथं सारखा बर्फ पडतो गं अम्मा. त्याला आवाजच नाही. माझं बाळ काय ऐकणार?"

अम्माने पदर डोळ्यांना लावला. अत्याने (बाबांची थोरली बहीण, तिच्यापुढे बाबासुद्धा बोलत नाहीत) माझ्याकडे रोखून पाहिलं.

"याचे हात अक्कासारखेच बारीक. बस रे पाटावर!"

"अत्या, मी मामा आहे!"

"मग तर तुझाच मान!"

खोबरेल चोळून कोपरापर्यंत बांगड्या चढल्या. गालांना चंदन लागलं. मी घाबरत हात हलवला. पडद्यावर अक्काने डोळे मिटले. तिच्यामागे खिडकीत बर्फ पडत होता, आणि क्षणभर वाटलं, तो बर्फच किणकिणतोय. मलाही गोड गुंगी आली.

"लाथ मारली!" अक्का ओरडली. "अम्मा, बाळानं लाथ मारली!"

सगळ्या बायका रडल्या, हसल्या. मी हळूच बांगड्या उतरवू लागलो.

"अय्यो! बाळंत होईपर्यंत काढायच्या नसतात!" अत्या कडाडली.

"उद्या माझी तोंडी परीक्षा आहे!"

"मग लांब बाह्यांचा शर्ट घाल!"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तोंडी परीक्षेत मॅडम म्हणाल्या, "फळ्यावर आकृती काढ." हात वर गेला, बाही खाली आली! मॅडम इथल्याच, रीत जाणणाऱ्या.

"कितवा महिना?"

"सातवा, मॅडम," मी अगदी मनापासून सांगितलं.

त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

यथावकाश भाची झाली. मी सुटकेचा निःश्वास टाकून बांगड्या काढल्या, आणि लगेच अक्काचा फोन. "काही केल्या गप्प होत नाही रे. जरा हात हलव ना!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी बांगड्या चढवून मोबाईलसमोर बसतो. घरातला पहिला पदवीधर व्हायला निघालो होतो. पदवीच्या आधीच परदेशात नोकरी लागली, खुळखुळ्याची!