सात पावलं मागे

आता हे मला नीट आठवतंय का, याचीच मला धास्ती वाटते. दिवाळी होऊन गेली होती, की यायची होती? जाऊ द्या. फजिती मात्र ठळक आठवते, तेवढी सांगतो.

मी अमूर्त चित्रं काढतो. म्हणजे नक्की काय काढतो, हे मलाही धड सांगता येत नाही. पण एक नियम पाळतो. चार फटकारे मारायचे, चित्रावरची नजर न हलवता सात पावलं मागे जायचं, आणि बघायचं. महाडच्या माझ्या खोलीत सातव्या पावलाला पाठ कपाटाला टेकते. की थांबलो!

एकदा चित्रं काढायला डोंगरावरच्या कुडपण गावात महादूभाऊ या शेतकऱ्याकडे राहिलो होतो. चित्रकार म्हणून घरचे सगळे मला गुरुजी म्हणत. निघायच्या दिवशी सकाळी अंगणाच्या कडेला कॅनव्हास लावला, फटकारे मारले आणि निघालो मागे. पाच, सहा, सात... कपाट कुठाय? डोंगरावर कसलं कपाट! आठ, नऊ, दहा. चित्र तर दर पावलाला सुधारत होतं हो!

"गुरुजी! आवो, मागं बगा!" महादूभाऊंच्या बायको, सखूवहिनी, ओरडल्या.

बघतो तर मी त्यांच्या खळ्याच्या मधोमध! नुकतंच शेणाने सारवलेलं, ओलं. दुसऱ्या दिवशी त्यावर भाताची झोडणी. पाच घरची माणसं मदतीला येणार. तोवर खळं वाळलं नाही तर ती आपापल्या कामाला जाणार, आणि भात पडून राहणार.

"आता जागचं हलू नका. पानी घेऊन आलेच," म्हणत वहिनी गेल्या.

गप्प उभं राहायचं की नाही? पण घाबरलेला माणूस कधी गप्प राहिलाय? रंगाची सुरी खिशात होतीच. वाकलो आणि ठसे पुसायला लागलो. एक छान वळण उमटलं. त्याला तोलायला दुसरं. मग तिसरं. आणि जमलंय का हे बघायला मी... काय सांगू तुम्हाला... सात पावलं मागे गेलो. उरलेल्या खळ्यातून!

वहिनी कळशी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "आवो, हिकडं या! गुरुजींनी खळ्यात चिखलणी केली!"

महादूभाऊ आले, बघत राहिले. "मग आता भाताची लावणीच करूया का गो?"

माझा चेहरा पार उतरला. ते बघून लगेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे, गुरुजी. बरं दिसतंय. तसंच वाळू दे, उद्या त्याच्यावरच झोडू."

ऐकलंत? मी तरंगतच दुपारच्या जीपने डोंगर उतरलो. पुढे प्रत्येक व्याख्यानात सांगत सुटलो, "कुडपणच्या शेतकऱ्याने माझ्या चित्रावर भात झोडलं. अमूर्त कला मातीतल्या माणसालाच कळते!" टाळ्याही पडायच्या.

पण मनात शंका होतीच. काही वर्षांनी पोलादपूरच्या स्टँडवर सखूवहिनी भेटल्या. मी भीत भीत विचारलं, "वहिनी, माझ्या त्या चित्रावरच झोडणी झाली होती ना?"

"कुठली वो! तुमची जीप वळनाला गेली, न् ह्यांनी शेन आनलं. पुन्ना सगलं सारवलं. तुमचं मन कशाला मोडायचं, म्हनून बोललो नाय."

मी मान खाली घातली. त्यांना हसू आवरेना.

"पन गुरुजी, अजून खळ्यात म्हस शिरली की आमची पोरं वरडतात, 'आई गो, गुरुजी आले!'"